तोळा, पण कोणता?

सराफी व्यवहारात आज सर्वांत फसवा शब्द कोणता, असे कोणी विचारल्यास ‘तोळा’ असे उत्तर देण्यास आम्हांस मुळीच संकोच वाटणार नाही. हा शब्द आपल्या पेढीवर दिवसातून शंभर वेळा उच्चारला जातो, आणि तो उच्चारणारा व ऐकणारा यांच्या मनांत एकच वजन असतेच असे नाही.

जुना तोळा १८० ग्रेनचा. इ.स. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तो तसा ठरवून दिला व पुढे चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. यामुळे ‘रुपयाभार’ आणि ‘तोळा’ हे एकाच अर्थाचे शब्द झाले आणि पावली म्हणजे तीन मासे हा हिशेब पोराटोरांनाही येऊ लागला. (हैदराबादचा हाली रुपया मात्र इंग्रजी रुपयाहून हलका होता, तिकडील जुन्या कागदांत ‘रुपयाभार’ आढळल्यास तो कोणत्या रुपयाचा, हे आधी पाहावे.) बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा, म्हणजे तोळ्यास शहाण्णव गुंजा. मेट्रिक मापात हा तोळा ११.६६४ ग्रॅम, मासा ०.९७२ ग्रॅम व गुंज ०.१२१५ ग्रॅम भरते.

इ.स. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आली, १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती निवडक क्षेत्रांत लागू होऊ लागली आणि १९६२ साली सक्तीची झाली. तोळा कायद्यातून गेला. तोंडातून गेला नाही. वर्तमानपत्रांत सोन्याचा भाव दहा ग्रॅमचा छापून येऊ लागला आणि लोकांनी त्या दहा ग्रॅमलाच तोळा म्हणावयास प्रारंभ केला. कोणी एके दिवशी हा निर्णय घेतला नाही. एका पेढीने आधी, दुसरीने मागाहून, आणि काहींनी आजतागायत नाही, अशा रीतीने हा पालट झाला. आमच्या मते सर्व घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

‘आता तोळा म्हणजे दहा ग्रॅम, हे सर्वांना ठाऊक आहे,’ असे कित्येक सभासद म्हणतात. तसे असते तर बरे झाले असते. दुबईच्या बाजारात दहा तोळ्यांची म्हणून जी लगड मिळते ती आजही ११६.६४ ग्रॅमचीच असते. आखातात नोकरी करून परतलेल्या गोमंतकीय कुटुंबाच्या लेखी तोळा हाच. तेच कुटुंब येथे कन्येच्या विवाहासाठी दहा तोळे घेते तेव्हा त्यास शंभर ग्रॅम मिळतात.

सहा जुन्या तोळ्यांत जवळजवळ सात नवे तोळे बसतात, एवढे लक्षात ठेवले की अंतर किती मोठे हे ध्यानात येईल. आता कल्पना करावी की आईच्या १९५० च्या सुमाराच्या यादीत ‘सहा तोळ्यांच्या पाटल्या’ अशी नोंद आहे. थोरल्या मुलीस त्या पाटल्याच मिळाल्या. धाकटीस ‘तितकेच’ म्हणून बाजारातून सहा तोळे सोने घेऊन दिले. थोरलीच्या हाती सत्तर ग्रॅम पडले, धाकटीच्या साठ. कोणी खोटे बोलले नाही, काटा चुकला नाही, आणि दहा ग्रॅम सोने एका बहिणीकडून दुसरीकडे गेले. उलट प्रकारही होतो. १९८५ च्या यादीत ‘सहा तोळे’ लिहिलेले असते, दागिना साठ ग्रॅम भरतो, घरातील कोणी जाणता सत्तरची अपेक्षा करतो, आणि दहा ग्रॅमचा आळ येतो तो डाग लावणाऱ्या कारागिरावर अथवा सराफावर. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पत अशा एका शब्दाने जाते.

जुनी नावेच टाकून द्यावीत, असे आमचे म्हणणे नाही. कापसाच्या व्यापारात खंडी अद्याप चालते. पण ती ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६२ किलोची, हे घेणारा व देणारा दोघेही जाणतात, म्हणून तीत भांडण नाही. मणाचे तसे नाही. रेल्वेचा मण ३७.३२ किलोचा, मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, आणि गुजरातेतील बाजार समित्यांत आज मण म्हणजे वीस किलो. रत्नांच्या बाबतीत कॅरट १९०७ पासून २०० मिलिग्रॅमचा ठरलेला आहे, परंतु रत्तीचे काय? सोनाराची रत्ती म्हणजे गुंज, १२१.५ मिलिग्रॅम; खडे विकणारे पुष्कळदा १८२ मिलिग्रॅमची रत्ती धरतात. ‘सहा रत्तींचा पुष्कराज’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे.

आपणां जैन व्यापाऱ्यांस तर हा विषय नवा नाही. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेण्याचे माप एक व देण्याचे दुसरे, हा एक सांगितलेला आहे. जाणूनबुजून तसे करणारा सभासद आपणांत नसेल असे आम्ही धरून चालतो. परंतु घेताना एक तोळा व देताना दुसरा, हे अजाणता घडू देणारी व्यवस्था आपण का चालू ठेवावी?

यास्तव आमची सूचना अशी की, बोलण्यात तोळा खुशाल राहू द्यावा. पावतीवर, गहाणाच्या चिठ्ठीवर व भावफलकावर तो नसावा. भाव एका ग्रॅमचा लिहावा. जुनी यादी घेऊन येणाऱ्या ग्राहकास रूपांतर करून देताना सर्व वजनाच्या प्रथम गुंजा कराव्या आणि मग एकदाच गुणाकार करावा. पाच तोळे, दोन मासे, तीन गुंजा म्हणजे ४९९ गुंजा, त्यांचे ६०.६३ ग्रॅम होतात. गुंजेस ०.१२ धरून सोय पाहणाऱ्यास ५९.८८ मिळतील, आणि पाऊण ग्रॅम कोणाच्या तरी पदरातून जाईल. हे कोष्टक संघाने छापून प्रत्येक पेढीस द्यावे.

यादीवर साल नसेल तर मात्र गणित न करता दागिनाच काट्यावर ठेवावा. तोही निव्वळ ठेवू नये. जुन्या गोठ-पाटल्यांत लाख असते, नथीत मोती असतात, आणि पूर्वीच्या नोंदींत ते सारे धरून वजन लिहिण्याची चाल कित्येक घरांत होती. लाख व खडे यांचे वजन वेगळे दाखवून, सोन्याचे ग्रॅम त्याखाली लिहून, तारखेसह सही करून ती चिठ्ठी ग्राहकाच्या घरच्या सर्व वारसांदेखत त्याच्या हाती द्यावी.