हिरो गेममध्ये हवा, गेमच्या जाहिरातीत नको

मी गेम खेळतो. वय त्रेचाळीस, पूर्व विदर्भातल्या तालुक्याच्या गावी पत्रकारिता, घरात शाळेत जाणारी पोरं, आणि तरी खेळतो. रात्री शेवटची बातमी पाठवली की तासभर. गावात हे कुणाला सांगितलं की समोरचा आवाज खाली करून विचारतो, "किती हारले आतापर्यंत, भाऊ?"

दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारला नसता. फार तर "लहान आहेस का?" म्हणाले असते. मधल्या काळात 'गेम' या शब्दाचा अर्थच बदलला. गेम म्हणजे रमी, गेम म्हणजे पैसे लावून टीम बनवणं, गेम म्हणजे डोक्यावर कर्ज. आणि हा अर्थ बदलण्यात मोठा हात आहे आमच्या लाडक्या हिरोंचा. आज त्यावरच लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

शाहरुख खान 'ए२३'च्या जाहिरातीत होता. हृतिक रोशन 'रमीसर्कल'च्या. आमच्या विदर्भाचे बच्चू कडू ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत थेट सचिन तेंडुलकरच्या घरासमोर आंदोलनाला गेले होते, तेही अशाच ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून. तेव्हा बरेच लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, तेव्हा ते बेकायदा नव्हतं. बरोबर. १९६७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं. कंपन्या त्याच निकालाचं बोट धरून इथवर आल्या. पण तो खटला होता क्लबात टेबलाभोवती बसून खेळणाऱ्या माणसांचा. चोवीस तास खिशात उघडं असलेलं, यूपीआयने एका बोटावर पैसे ओढणारं, हरल्यावर पुन्हा बोनस देऊन बोलावणारं टेबल तेव्हा नव्हतं. शिवाय या टेबलावर कोणीही जिंको, कंपनीचं कमिशन प्रत्येक डावाला ठरलेलं. खेळणाऱ्यांचं नशीब बदलत राहतं, कंपनीचं बदलत नाही.

आमच्या भागात धान विकलं की चुकारे उशिरा मिळतात. सरकारी केंद्रावर धान देऊन दोन-दोन महिने वाट बघणारी माणसं आहेत. माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याच्या खात्यात असे चुकारे आले आणि पोराने आठ दिवसांत मोबाईलवर पत्त्यांत घालवले. पोरगा वाईट नाही. बारावी झालेला, ट्रॅक्टर चालवणारा. बाप मला एवढंच म्हणाला, "टीव्हीवर एवढे मोठे लोक सांगतात, तर आम्हाला वाटलं सरकारमान्य असंल." या एका वाक्यात सगळी जाहिरात आली. कंपनी कोणाची, नियम काय, पैसे कुठे जातात, हे बापाला माहीत नव्हतं. चेहरा माहीत होता. कंपनीने पैसे मोजले ते त्याच ओळखीचे.

डिसेंबर २०२० पासून जाहिरातींच्या मानक परिषदेचा नियम होता, की अशा जाहिरातीत आर्थिक जोखमीचा आणि सवय लागण्याचा इशारा द्यायचा. दिला की! शेवटच्या काही सेकंदांत, मेल गाडी सुटावी तसा. तो इशारा हिरोच्या तोंडून आलेला मी तरी कधी ऐकला नाही. खेळायला बोलावणार हिरो, आणि सावध करणार कोणी न दिसणारा माणूस.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि हे मला योग्य वाटतं. बुडालेल्याला आणखी काय बुडवायचं? याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साधे, पैसे न लावता खेळायचे गेम वेगळे काढले आहेत. म्हणजे सरकारला फरक कळला. गावाला अजून कळायचाय.

आता नाण्याची दुसरी बाजू. ही बाजू गेम न खेळणाऱ्या मंडळींना माहीत नसते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

जगात नट आणि गेम यांचं एक वेगळंही नातं आहे. तिथे नट गेमच्या आत काम करतो. अंगाला घट्ट कपडे, त्यावर ठिपके, चेहऱ्यासमोर छोटा कॅमेरा, रिकाम्या खोलीत उभं राहून अभिनय. त्याची हालचाल, आवाज, भुवई उचलणं, सगळं त्या पात्रात उतरतं. 'डेथ स्ट्रँडिंग' नावाचा २०१९ चा जपानी गेम आहे. नॉर्मन रीडस त्यात नायक. नायकाचं काम काय? पाठीवर पार्सलं लादून डोंगरदऱ्यांतून लोकांना पोचवणं. कुरिअरवाला हिरो! त्यातच मॅड्स मिकेल्सन आहे, आणि त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये अभिनयाचं बक्षीस त्याने नेलं.

'सायबरपंक २०७७' मध्ये कियानू रीव्ज आहे. तो गेम डिसेंबर २०२० मध्ये इतका अर्धवट बाजारात आला की सोनीने आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढून टाकला. एवढा मोठा हिरो असूनही लोकांनी झोडपलं. पुढे कंपनीने दोन-तीन वर्षं दुरुस्त्या केल्या, तेव्हा लोक परत आले. म्हणजे तिथे चेहऱ्यावर माल खपतो, पण टिकत नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल, तर मला गेममध्ये फार ओळखीचा चेहरा आवडत नाही. रीव्ज दिसला की मला 'मॅट्रिक्स' आठवतो, पात्र बाजूला राहतं. त्यापेक्षा 'रेड डेड रिडेम्प्शन २' मधला रॉजर क्लार्क बघा. नाव किती जणांनी ऐकलंय? त्याने आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर उभा केला. त्या दरोडेखोराला टीबी होतो. गेम जसा पुढे सरकतो तसा त्याचा खोकला वाढतो, दम लागतो, आवाज बसत जातो. पन्नास-साठ तास आपण त्या माणसाच्या अंगात राहिलेलो असतो, त्यामुळे तो खोकला आपल्याला लागतो. आमच्या जिल्ह्यात टीबीच्या बातम्या मी वीस वर्षं करतोय. हा आजार माणसाला आतून कसा खातो हे दाखवणारा इतका चांगला अभिनय मी सिनेमातही फार कमी पाहिलाय. 'गॉड ऑफ वॉर'मधला ख्रिस्तोफर जज तसाच. बोलतो कमी, पण बापाचा राग आणि बापाची भीती एकाच आवाजात.

या नटांना आपल्या आवाजाची किंमत कळते. अमेरिकेत गेममध्ये काम करणाऱ्या नटांनी २६ जुलै २०२४ ला संप पुकारला. तो जवळपास अकरा महिने चालला, जून २०२५ मध्ये थांबला. मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती. आमचा आवाज, आमची हालचाल एआयला शिकवून तुम्ही आमच्याशिवाय पात्र चालवणार असाल, तर आधी आमची परवानगी घ्या आणि मोबदला द्या, ही होती. त्यात बडे स्टार मोजके होते. बाकी सगळे रोजचं काम रोज शोधणारे.

आपल्याकडेही आवाजाची लढाई सुरू आहे, पण ती बड्यांची. अनिल कपूर २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेले, अरिजित सिंग २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टात. दोघांनाही संरक्षण मिळालं, चांगलं झालं. पण मुंबईच्या स्टुडिओत रोज डबिंग करणाऱ्या कलाकाराने वकील कुठून आणायचा? 'बाहुबली'त प्रभासचा हिंदी आवाज शरद केळकरचा आणि 'पुष्पा'त अल्लू अर्जुनचा श्रेयस तळपदेचा. मराठी माणसाच्या गळ्यात काय ताकद आहे, हे वेगळं सांगायला नको.

आणि इथे मला आमचा भाग आठवतो. झाडीपट्टीची रंगभूमी. धान कापून झालं, दिवाळी सरली की वडश्याहून नाटक कंपन्या निघतात, होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटक. परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. थंडीत, उघड्यावर, रात्रभर आवाज टिकवणारी ही माणसं. हंगाम संपला की यातले कित्येक शेतमजुरीला जातात. या गळ्यांना गेमच्या स्टुडिओत काम का मिळू नये?

स्वप्नरंजन वाटतंय? पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. सर्कशीत काम करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. जगभर खेळला गेला. फक्त सुरुवातीला ही आपली दुर्गा इंग्रजी बोलत होती, हिंदी आवाज नंतरच्या आवृत्तीत आले. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटींचं. कागदावर छान आहे. त्यातला काही पैसा मराठी आवाजावर खर्च करा, नुसत्या इमारती बांधू नका, एवढंच म्हणणं.

साध्या व्हिडिओ गेममध्ये सगळं चांगलं आहे असंही मी म्हणत नाही. पैसे टाका, पेटी उघडा, आत काय निघेल ते नशीब, असले प्रकार त्यातही आहेत. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. उद्या आपल्याकडे रमीवाले हिरो अशा पेट्या विकायला आले तर नवल वाटायला नको. तेव्हाही प्रश्न हाच विचारायचा: पैसे कशाचे घेतोयस, कामाचे की ओळखीचे?

म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पालकांनो, पोराच्या हातातला मोबाईल हिसकावण्याआधी त्यात काय चालू आहे ते बघा. पैसे लागतात का, आणि हरल्यावर जातात का, एवढंच विचारा. उत्तर 'हो' आलं तर तो जुगार. 'नाही' आलं तर तो खेळ आहे, मग फक्त वेळेचं बोला.

सरकारने हा कायदा जाहिरातीच्या कलमापासून राबवावा. गावातल्या चावडीवर पत्ते कुटणारा पकडायला सोपा असतो. मोठा चेहरा पकडणं अवघड असतं. कायद्याची परीक्षा तिथेच होईल.

आणि हिरो लोकांनो, तुम्ही कमावलेले पैसे तुम्हाला लखलाभ. ते परत करा असं कुणी म्हणत नाही. पण ज्या चेहऱ्याने रमी विकली, त्याच चेहऱ्याने एकदा समोर येऊन "हे खेळू नका" म्हणा. तीस सेकंद पुरेत. धानाचे चुकारे गेलेला तो बाप तुमचं अजूनही ऐकेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. फक्त "किती हारले" विचारू नका.