नंबर लावला आहे!

रांगेच्या बाबतीत मला कोणी अक्कल शिकवू नये. रॉकेल, साखर, एस.टी., मुलीचा शाळाप्रवेश, सगळ्या रांगांतून मी तावूनसुलाखून निघालेला माणूस आहे. स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा माझं लग्न ठरायचं होतं आणि स्कूटर दारात आली तेव्हा मुलगी पुढे उभी राहून हँडल धरण्याएवढी झाली होती. त्यामुळे डेन्व्हरला त्याच मुलीकडे गेलो असताना जावई जेव्हा म्हणाला, "बाबा, मी एल्कसाठी नंबर लावलाय," तेव्हा मला त्याच्याबद्दल प्रथमच खरीखुरी आपुलकी वाटली.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेतला धिप्पाड चुलतभाऊ. आणि जावई म्हणजे सदाशिव पेठेतला. लहानपणी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचा. (मुलगी म्हणते, अजूनही चढतो.) पण ऑफिसातल्या मंडळींबरोबर एकदा रानात जाऊन आला आणि बंदूक घेऊन बसला. शिकार चांगली की वाईट, हा वाद मला घालायचा नाही. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं तो मिटवलेला आहे आणि मी स्वतः मेथीच्या जुडीपलीकडे कशावर सुरी चालवलेली नाही. माझं भांडण आहे ते रांगेशी.

व्यवस्था अशी. कुठल्या रानात यंदा किती जनावरं मारू द्यायची ते तिकडचं राज्य सरकार ठरवतं आणि तेवढेच परवाने काढतं. त्यांना म्हणतात 'टॅग'. मागणारे पुष्कळ, म्हणून सोडत. इथवर सगळं आपल्या म्हाडासारखं. पण सोडतीत ज्याचं नाव निघालं नाही त्याला मिळतो एक 'प्रेफरन्स पॉइंट'. पुढच्या खेपेला ज्याचे पॉइंट जास्त त्याचा मान आधी. शिवाय सोडतीत न उतरता नुसता पॉइंट विकतही घेता येतो. वायोमिंगचा दरफलकच सांगतो. परराज्यातल्या माणसाला एल्कचा पॉइंट 52 डॉलर, हरणाचा 41, अँटिलोपचा 31. रानमेंढ्याचा आणि मूसचा प्रत्येकी 150. हे दुकान उघडतं जुलैत, म्हणजे सोडतीचे निकाल लागून माणसं हिरमुसली होऊन बसलेली असतात तेव्हा. वेळ साधणं म्हणतात ते हे!

बरं, 52 डॉलर देऊन हातात काय येतं? जनावर नाही, टॅग नाही, टॅगची हमी नाही. येतो तो रांगेतला नंबर. म्हाडात नाव नाही निघालं तर अनामत तरी परत येते. इथे पॉइंटाचे पैसे गेले ते गेलेच. टॅग मिळाला तर त्याचे पुन्हा वेगळे.

"पण बाबा, जो जास्त थांबला त्याला आधी मिळावं, हे न्यायाचं नाही का?" जावई म्हणाला. न्यायाचंच आहे. माझी अर्धी हयात त्या न्यायावर गेली. पण स्कूटरच्या रांगेत एक गंमत होती. पुढचा माणूस स्कूटर घेऊन जायचा आणि आपण एक पाऊल पुढे सरकायचो. कारखान्यानं दुसरी पाळी सुरू केली की दोन पावलं. एल्क काही दुसरी पाळी सुरू करत नाहीत. समजा एका रानात दहा टॅग आहेत आणि सगळ्यांत जास्त पॉइंटवाले दोनशे जण पुढे उभे आहेत. ते दोनशे संपायलाच वीस वर्षं लागणार. तोवर मागच्यांचेही पॉइंट दरवर्षी एकेकानं वाढतच असतात. म्हणजे गेल्या वर्षी वीस पॉइंटांवर मिळणारा टॅग यंदा एकवीसवर जातो, पुढच्या वर्षी बावीसवर. आपण एक पाऊल टाकावं आणि खिडकीनंही एक पाऊल मागे जावं, अशी रांग मी रेशनच्या दुकानातसुद्धा पाहिली नाही. कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातली नावाजलेली एल्कची रानं आहेत, तिथे वीस पॉइंटांखालच्या माणसानं स्वप्नसुद्धा जपून पाहावं. आज बारा वर्षांच्या पोराला तिथे रांगेत उभं केलं, तर त्याच्या पॉइंटांना त्याच्याआधी चाळिशी लागेल की काय, अशी शंका येते.

समोरच्या घरातल्या आजोबांचं पाहा. वय चौऱ्याहत्तर. रानमेंढ्यासाठी विसाहून जास्त वर्षं पॉइंट घेताहेत. राज्याचं नाव सांगत नाही, त्यांना अजून तिथे जायचंय. हा मेंढा राहतो उंच कड्याकपारीत. आजोबांचा एक गुडघा बदलून झालाय, दुसऱ्याची तारीख पडलीय. मेंढ्याचे चारही शाबूत आहेत. "नातवाच्या नावावर करा की पॉइंट," मी म्हटलं. म्हणाले, तशी सोय नाही. माणूस गेला की पॉइंटही गेले. माझ्या स्कूटरचा नंबर मेव्हण्याला तरी देता आला असता!

आणि रांगेचे नियम बदलायचा हक्क खिडकीच्या आतल्याकडे. वायोमिंगनंच 2022 साली रानमेंढ्याच्या आणि मूसच्या टॅगांतला बाहेरच्यांचा हिस्सा 10 टक्क्यांवर आणला. आधी तो त्याच्या दुपटीच्या आसपास होता. आपल्या रानावर आपल्या माणसांचा हक्क आधी, हे मला पटतं. पण मग जे बाहेरचे वर्षानुवर्षं पैसे भरून उभे होते, त्यांना काही परत द्यायला नको?

यावर ठरलेलं उत्तर असं की, हा पैसा जनावरांच्याच कामी येतो. ते खरं आहे. तिथली वन्यजीव खाती बरीचशी परवान्यांच्या पैशावर आणि 1937 पासून बंदुका-काडतुसांवरच्या केंद्राच्या करावर चालतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी संपत आलेले एल्क आज कळपांनी हिंडतात, त्यात शिकाऱ्यांच्या पैशाचा वाटा आहे. मग देणगी म्हणा ना! पावती फाडा, मीही अकरा डॉलर देतो. देवळाच्या पेटीत टाकलेल्या पैशाला कोणी दर्शनाचा नंबर म्हणत नाही. (हल्ली म्हणतात. पण तो वेगळा लेख.)

न्यू मेक्सिको आणि आयडाहो ही राज्यं पॉइंटांच्या भानगडीतच पडलेली नाहीत. दरवर्षी नव्यानं चिठ्ठ्या टाकायच्या, आजोबा आणि नातू एकाच डब्यात. नाही निघालं नाव, तर नाही. निदान निराशा त्या त्या वर्षापुरती रोखीनं मिळते, हप्त्यानं भरावी लागत नाही.

हे सगळं मी जावयाला ऑक्टोबरअखेरच्या रात्री तासभर समजावून सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, बारा वाजता खिडकी बंद होते, त्याला आता सोडा." जावयानं मान डोलावली, माझं म्हणणं शंभर टक्के पटल्याचं सांगितलं आणि संगणकासमोर जाऊन बसला.

"अरे, पटलं म्हणतोस ना?"

"पटलं हो बाबा. पण नऊ जमलेत. गेल्या वर्षी घ्यायचा राहिला. लागोपाठ दोन वर्षं खंड पडला की नऊच्या नऊ जातात."

मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा झाले होते. त्याला कार्ड सापडत नव्हतं. शेवटी सोफ्याच्या उशीखालून मीच शोधून दिलं.