स्वालबार्ड की स्पिट्सबर्गन?

नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटरचा एक द्वीपसमूह आहे. ओस्लोत त्याला 'स्वालबार्ड' म्हणतात. मॉस्कोत आजही 'स्पिट्सबर्गन' हेच नाव चालते. हा केवळ उच्चाराचा फरक नव्हे.

डच दर्यावर्दी विलेम बारेंट्सने १५९६ मध्ये येथील सुळक्यांवरून 'स्पिट्सबर्गन', म्हणजे टोकदार डोंगर, हे नाव दिले. पुढे रशियातील पोमोर शिकारी या भूमीला 'ग्रुमांत' म्हणू लागले. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या करारात नाव होते ते स्पिट्सबर्गन. या कराराने नॉर्वेला सार्वभौमत्व दिले, पण सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना मासेमारी, शिकार आणि खाणकामाचे समान हक्कही दिले. नाविक तळ व तटबंदीला मनाई केली.

१९२५ मध्ये ताबा घेताना नॉर्वेने द्वीपसमूहाचे नामकरण 'स्वालबार्ड' असे केले. ११९४ सालच्या आइसलँडिक नोंदीत या नावाची, म्हणजे 'थंड किनाऱ्या'ची, भूमी सापडल्याचा उल्लेख आहे. ती नेमकी कोणती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण डच नावाहून चार शतके जुने नाव हाती आले की हक्कही तितकाच जुना वाटू लागतो. 'स्पिट्सबर्गन' हे नाव आज अधिकृतपणे फक्त सर्वांत मोठ्या बेटापुरते उरले आहे.

खरा वाद समुद्राचा आहे. करारातील समान हक्क किनाऱ्यालगतच्या सागरी हद्दीपुरतेच, असे नॉर्वे म्हणतो. १९७७ मध्ये त्याने भोवताली २०० सागरी मैलांचे मत्स्यसंरक्षण क्षेत्र आखले, ते रशियाने कधीच मान्य केले नाही. युरोपीय महासंघाशीही खटके उडाले. समुद्रतळावरील स्नो क्रॅब पकडण्याचा हक्क एका लॅटव्हियन कंपनीने मागितला, तेव्हा नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सरकारच्या बाजूने कौल दिला. अर्थात, आपल्याच न्यायालयाचा कौल दुसऱ्या देशांना बांधत नाही.

मूळ सह्यांत ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानचीही सही होती. भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून नी-ओलेसुंड येथे आहे. म्हणजे नाव ओस्लोचे वापरायचे आणि हक्क १९२० च्या करारातला सांगायचा, अशी दिल्लीची स्थिती आहे. बर्फ हटून ध्रुवीय समुद्र मोकळा होत असताना ती किती काळ सोयीची राहील, याचा विचार परराष्ट्र खात्याने आताच केलेला बरा.