जन्माआधी रुजणारे दात

बाळ सहा-सात महिन्यांचे झाले की एके दिवशी पेज भरवताना चमचा खालच्या हिरडीवर किणकिणतो आणि घरातली आजी आनंदाने सांगते, "बाळाला दात आला हो!" आजीचे म्हणणे खरेच, परंतु तो दात त्या दिवशी केवळ दृष्टीस पडला. त्याची पेरणी वर्षाहूनही अधिक काळापूर्वी, आईच्या उदरात झालेली होती.

गर्भ राहिल्यापासून सहाव्या आठवड्याच्या सुमारास ही पेरणी होते. त्या वेळी गर्भ जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतो. भावी जबड्यांच्या कडेने तोंडाचे अस्तर जाड होऊ लागते व घोड्याच्या नालासारखी एक वळणदार पट्टी तयार होते. तीवर वरच्या व खालच्या जबड्यात प्रत्येकी १० इवल्या कळ्या फुटतात. हेच पुढे दुधाचे २० दात होतात. कळी प्रथम टोपीचा आणि मग घंटेचा आकार घेते. चौथ्या महिन्यात तीत कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार साचू लागतात आणि दात कठीण होण्यास आरंभ होतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास पुढल्या कायमच्या दातांच्या कळ्याही दुधाच्या दातांच्या आतल्या बाजूस आकार घेऊ लागतात. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ तर जन्माच्या सुमारासच कठीण होऊ लागते.

दात वरून एकसंध दिसला, तरी त्याची घडण अनेक थरांची आहे. बाहेरचे चकचकीत कवच म्हणजे दंतवल्क. त्याचा वजनी ९६ टक्के भाग खनिजांचा असून शरीरात त्याहून कठीण पदार्थ नाही. त्याच्या आत दंतिन आणि दंतिनाच्या पोकळीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गाभा असतो. मुळाभोवती हाडासारखा एक पातळ थर असतो. त्यातून निघालेले चिवट तंतू दाताला जबड्याच्या खोबणीत बांधून ठेवतात आणि हिरडी गळपट्टीप्रमाणे त्याच्या मानेभोवती बसते.

यांतील दंतवल्काची गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. ते घडविणाऱ्या पेशी दात वर येताना नष्ट होतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. परंतु किडलेले दंतवल्क शरीराला पुन्हा घडविता येत नाही. म्हणूनच ते घडत असताना आईच्या प्रकृतीची व आहाराची काळजी घ्यावयाची.

याच ठिकाणी एका जुन्या समजुतीचा विचार केला पाहिजे. गर्भातले मूल आईच्या दातांतला चुना ओढून घेते, सबब बाळंतपणागणिक दात जायचेच, असे पुष्कळ घरांतून मानले जाते. हे खरे नव्हे. आहारात कॅल्शियम कमी पडले, तर ते आईच्या हाडांतून घेतले जाते, दातांतून नव्हे. दूध, दही, ताक, नाचणी, तीळ, पालेभाज्या व काट्यासह खाण्याजोगी लहान मासळी यांतून कॅल्शियम मिळते. आपल्या देशातील सरकारी कार्यक्रमानुसार गर्भवतीला १४ व्या आठवड्यापासून रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. लोहाची गोळी मात्र त्यांच्यासोबत घेऊ नये. दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे.

मग गरोदरपणात दात बिघडतात ते कशाने? शरीरातील अंतःस्रावांच्या बदलामुळे दातांवर साचलेल्या मळाचा त्रास हिरड्यांना अधिक होतो. त्या सुजतात, लाल होतात व त्यांतून रक्त येते. रक्त दिसताच पुष्कळ भगिनी दात घासणेच सोडून देतात, आणि त्यामुळे सूज आणखी वाढते. मऊ ब्रशाने दिवसातून दोनदा दात घासणे हाच यावर उपाय होय. उलट्यांतील आम्लाने दंतवल्क मऊ पडते. म्हणून उलटीनंतर लगेच दात न घासता आधी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी व थोड्या वेळाने दात घासावेत. दात दुखत असल्यास प्रसूतीची वाट पाहू नये. गरोदरपणात उपचार करता येतात आणि चौथा ते सहावा महिना त्यासाठी अधिक सोयीचा असतो. डॉक्टरांना आपल्या अवस्थेची कल्पना अवश्य द्यावी. टेट्रासायक्लिन जातीची औषधे या काळात घेतल्यास मुलाच्या दातांवर कायमचे पिवळट-तपकिरी डाग पडू शकतात. यासाठी घरात उरलेली जुनी औषधे मनाने घेऊ नयेत.

महाराष्ट्रात मशेरी, बिहार-उत्तर प्रदेशात गूल आणि छत्तीसगड-ओडिशाकडे गुडाखू लावण्याची चाल आजही आढळते. नावे निरनिराळी असली तरी आत तंबाखूच आहे. ती हिरड्यांचा नाश करते, आणि गर्भाचे वजनही त्यामुळे कमी भरते.

शेवटी एका नाजूक विषयाकडे लक्ष वेधावेसे वाटते. दर दोन-तीन हजार जन्मांत एखादे बालक दातासह जन्मास येते. अशा वेळी कित्येक घरांत अपशकुनाची कुजबुज सुरू होते, आणि नुकत्याच प्रसूत झालेल्या मातेला आपल्याच बाळाकडे शंकेने पाहावयास लावले जाते. वस्तुतः तो बहुधा दुधाचाच, खालचा पटाशीचा दात असतो. त्याची कळी हिरडीत जरा वरच राहिल्याने तो वेळेआधी बाहेर आलेला असतो. त्यात बाळाचा दोष नाही, आईचा नाही, ग्रहांचा तर नाहीच. मात्र तो घरी उपटू नये. नवजात बालकाचा रक्तस्राव थांबण्यास अडचण येऊ शकते. दात फार हलत असला किंवा बाळाच्या जिभेला जखम होत असली, तर काय करावयाचे ते डॉक्टर ठरवितील.

ज्या घरात कोणी गर्भवती असेल, तेथे तिच्या ताटात आज काय वाढले आहे याकडे घरच्यांनी आवर्जून पाहावे. पुढल्या वर्षी चमच्यावर किणकिणणारा तो दात आज तेथूनच घडत आहे.