उशाजवळची गोळी

अपेंडिक्सचे ऑपरेशन, मोटारसायकलवरून पडून मोडलेला पाय, टॉन्सिल्स, अक्कलदाढ. आपल्या तरुण मुलामुलींना ऑपरेशन करावे लागते ते बहुधा अशाच कारणांनी. घरी आल्यावर अँटिबायोटिकची वेळ चुकू नये म्हणून अम्मी मोबाईलवर गजर लावते. दुखण्याच्या गोळ्यांचे पाकीट मात्र मुलाच्या उशाशी राहते, 'दुखलं की घे' म्हणून. या महिन्यात आपण त्या पाकिटाविषयी बोलू.

दुखण्याच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन प्रमाणाबाहेर घेतले तर यकृत, पोट, मूत्रपिंडे यांना इजा होते, पण त्यांची नशा चढत नाही. दुसरा गट अफूच्या कुळातला. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल ही त्यातली नावे. डॉक्टर यांना ओपिऑइड म्हणतात. ट्रॅमाडॉल कित्येकदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे पाकिटावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ते कळत नाही.

ही औषधे मेंदूपर्यंत जाणारी वेदना बोथट करतात आणि सोबत एक प्रकारचा निवांतपणा देतात. काही दिवसांनी तेवढ्याच गोळीने तेवढा आराम मिळेनासा होतो. गोळी एकदम थांबवली तर घाम, जांभया, जुलाब, अंगदुखी, बेचैनी सुरू होते, झोप उडते. मुलाला वाटते, जखमच अजून दुखते आहे, आणि तो आणखी एक गोळी घेतो. टाके केव्हाच सुकलेले असतात. यात मुलगा वाईट वळणाचा असायलाच हवा असे नाही.

हे किती जणांच्या बाबतीत घडते? अमेरिकेत १३ ते २१ वर्षांच्या मुलांच्या ऑपरेशनांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर ज्यांनी अशा गोळ्या घेतल्या, त्यांपैकी ४.८ टक्के मुले तीन महिने उलटल्यावरही त्या विकत घेत होती. ऑपरेशन न झालेल्या मुलांत हे प्रमाण ०.१ टक्के होते. तिथली औषधे देण्याची पद्धत वेगळी आहे, हे खरे. पण आपल्याकडेही केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातील जवळपास १ टक्का लोक ओपिऑइड गटातील औषधे नशेसाठी वापरत असल्याचे आढळले. २०१८ मध्ये सरकारने ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले, ते उगीच नव्हे.

लहानांसाठी धोका आणखी वेगळा आहे. काहींचे शरीर कोडीन आणि ट्रॅमाडॉल फार वेगाने तीव्र रूपात बदलते आणि श्वास मंदावतो. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बजावले की १२ वर्षांखालील मुलांना ही औषधे देऊ नयेत. टॉन्सिल्सच्या ऑपरेशननंतर तर १८ वर्षांखालील कुणालाच देऊ नयेत. अंगावर पाजणाऱ्या आईनेही ती टाळावीत. सिझेरियन होऊन माहेरी आलेल्या लेकीची फाईल या नजरेने एकदा पाहा.

मग दुखणे सोसायचे का? मुळीच नाही. काही घरांत 'नशेची गोळी' म्हटले की ती हराम समजून मुलाला तळमळत ठेवतात. हेही चूक आहे. गरजेपुरते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले औषध हा उपचार आहे. मनात शंका असेल तर डॉक्टरांशी आणि जाणत्या आलिमांशी बोला. वेदना दबली तर मुलगा लवकर उठून चालू लागतो, खोल श्वास घेतो, आणि बरे होण्यासाठी ते आवश्यकच असते.

आपल्या हातात काय आहे? घरी सोडताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: यात अफूच्या गटातली गोळी कोणती, ती किती दिवस घ्यायची, आणि साध्या पॅरासिटामॉलवर केव्हा यायचे. पाकीट मोठ्यांच्या ताब्यात ठेवा आणि गोळ्या मोजा. झोपेच्या गोळ्या किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असतील तर आधी सांगा. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा गोळ्या आणू नका. भावाच्या उरलेल्या गोळ्या बहिणीच्या दाढदुखीला देऊ नका. नको असलेल्या गोळ्या चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी घट्ट बांधून टाकून द्या. मूल जागे होत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील, तर क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठा.

आणि गोळी सुटत नाही असे दिसले तर? 'लोक काय म्हणतील', 'रिश्ता कसा जमेल' या भीतीने अनेक घरे महिनोन्महिने गप्प बसतात. कोणी मारतात, कोणी खोलीत कोंडतात. गोळी एकदम तोडण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करणे सोपे असते आणि सुरक्षितही. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाईन मोफत आहे. मुलाला आधी एवढे कळू द्या की खरे सांगितले तर अब्बू हात उचलणार नाहीत, सोबत डॉक्टरांकडे येतील. औलाद ही अमानत आहे. तिची इज्जत लपवण्याने राखली जात नाही, वेळेवर इलाज केल्याने राखली जाते.