खाकी पिशवीची मुदत ठेव

नागपूर हे संत्र्यांचे आणि सावजी रश्श्याचे शहर आहे, तसे ते फौजेच्या शेजारचेही शहर आहे. १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी सीताबर्डीच्या टेकडीवर किल्ला बांधला. तो आजही लष्कराकडेच आहे. कामठीची छावणी १८२१ सालची. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र तिथेच आहे. पलीकडे वायुसेनानगर, अंबाझरीला आयुध निर्माणी. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत, माळ्यावर घंगाळ आणि तुटक्या पाळण्याच्या मागे, खाकी कॅनव्हासची एखादी पिशवी हमखास निघते. कुणाची किटबॅग, कुणाचा पाठीवरचा पिठ्ठू, कुणाची खांद्याला अडकवायची हॅवरसॅक. ती आजोबांची असते, चुलत्यांची असते, किंवा बाजारात स्वस्तात मिळाली म्हणून वडिलांनी कधी काळी आणलेली असते.

अशा पिशव्यांना अलीकडे बरे दिवस आले आहेत. ‘व्हिंटेज’ या नावाखाली त्या चांगल्या किमतीला विकल्या जातात, आणि महाविद्यालयात जाणारी नातवंडे माळा धुंडाळू लागली आहेत. ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण या आवडीपायीच पिशव्यांची जी दशा होते आहे ती पाहवत नाही. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना पुढे वाचताना वाद घालायची सोय राहील. पिशव्या दोन जातींच्या असतात. जिच्यावर कुणाचे नाव नाही, जी बाजारातून आली, ती चालू खाते आहे. तिचा व्यवहार रोज करावा. जिच्यावर नाव आणि नंबर रंगवलेला आहे, ती मुदत ठेव आहे; तिला हात लावू नये. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला दुसरी उपमा सुचत नाही, हे वाचक समजून घेतील.

कॅनव्हास म्हणजे शेवटी कापूसच. आपल्या काळ्या मातीत पिकतो तो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी या शहरात एम्प्रेस मिल सुरू केली ती या कापसाच्या भरवशावर. तेव्हा कापसाचे स्वभाव नागपूरकराला नव्याने सांगायला नकोत. पाण्याने तो लगेच मरत नाही. भिजलेला सुती धागा कोरड्यापेक्षा मजबूतच असतो. त्याला मारते ती ओल मुरून राहणे. हवेतला दमटपणा पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते आणि धागाच खाऊ लागते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे आपोआपच होते. पण नागपुरात एक जास्तीचा पावसाळा असतो, तो कूलरचा. एप्रिल ते जून बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि ज्या खोलीत कूलर चालतो तिथे भिंतीसुद्धा दमटलेल्या. पिशवीची ट्रंक त्या खोलीत ठेवू नये, एवढे पाळले तरी निम्मे काम झाले.

दुसरा शत्रू ऊन. गाद्या, गोधड्या आणि पापड-कुरडयांच्या जोडीने पिशवीही मे महिन्यात गच्चीवर टाकायची आपली रीत आहे. उन्हाने वास जातो हे खरे, पण रंगही जातो आणि धागा ठिसूळ होतो. पिशवी सावलीत, वाऱ्यावर, तास-दोन तास ठेवावी. कडक झालेल्या घड्या ओढून उलगडू नयेत. तिसरा शत्रू वाळवी. तिला लाकूड आणि सूत सारखेच गोड लागते. तेव्हा ट्रंक लोखंडी असावी, विटांवर ठेवलेली असावी आणि भिंतीपासून वीतभर दूर असावी. आतून मात्र ती गंजलेली नको, कारण गंजाचा डाग जिथे पडतो तिथले सूत पुढे गळून पडते.

मुदत ठेवीच्या पिशवीसाठी एवढेच करायचे. मऊ ब्रशने धूळ झाडायची. आत जुन्या, स्वच्छ धुतलेल्या धोतराचा किंवा मलमलीचा बोळा भरायचा, म्हणजे घडीवर चीर जात नाही. वर्तमानपत्र भरू नये. त्याच्या कागदात आम्ल असते. आमच्याच कागदाची ही निंदा संपादक मोठ्या मनाने छापतील अशी आशा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये, आत घाम धरतो. कडुनिंबाचा ओला पाला थेट कापडावर टाकू नये, डाग पडतात. आणि पितळी बकलांना पॉलिश चोळू नये. त्याचा पांढरा थर शिवणीत बसतो आणि मग निघत नाही. हिरवा गंज दिसला तर कोरड्या मऊ फडक्याने हलकेच पुसावा.

आता धुण्याबद्दल. आमच्या ओळखीच्या एका घरात दुसऱ्या महायुद्धातली हॅवरसॅक होती. पणजोबा बर्मा आघाडीवरून ती घेऊन परतले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांचा नंबर आणि नाव काळ्या रंगात होते. सून म्हणून त्या घरात आलेल्या आजींनी ती साठ वर्षे सांभाळली. त्यांच्या वाढदिवसाला नातवाने प्रेमाने ती वॉशिंग मशीनमध्ये घातली, गरम पाणी आणि भरपूर पावडर टाकून. पिशवी आटली, वाकडी झाली आणि अक्षरे गेली. आजी नातवाला काही बोलल्या नाहीत. स्वच्छ निघाली हो, एवढेच म्हणाल्या. पण सासऱ्यांच्या हातचे म्हणावे असे त्या घरात दुसरे काही नव्हते. त्यांचा फोटोसुद्धा नव्हता.

मशीनमध्ये नुसता मळ गेला नाही. त्या काळचे शिपाई आपल्या पट्ट्या-पिशव्यांना ब्लँको नावाचा रंगीत लेप लावून त्या परेडसाठी तयार करीत. तो पाण्यात विरघळतो. कॅनव्हास कुजू नये म्हणून त्याला बऱ्याचदा तांब्याच्या क्षारांचीही प्रक्रिया केलेली असे. म्हणूनच जुन्या पिशवीत खाण्याचा डबा ठेवू नये, आणि ती हाताळल्यावर हात धुवावेत. आपण ज्याला कळकटपणा म्हणतो त्यात कधी कधी एका माणसाची सगळी नोकरी साचलेली असते.

आता चालू खात्याची पिशवी. ती जरूर वापरावी. बंद ठेवून तिचे काही भले होत नाही. फक्त ती कुठे झिजते हे पाहावे. ती झिजते खालच्या कोपऱ्यांशी, पट्टा जिथे शिवलेला असतो तिथे आणि झाकणाच्या कडेला. पुस्तकांचे कोपरे आतून कापड कापतात. तळाशी पुठ्ठा घालून त्यावर जाड कापड टाकावे. पिशवी खिळ्याला टांगू नये. सगळा भार एका बिंदूवर येतो. स्कूटरच्या हुकाला अडकवून धंतोली ते सदर रोज घासत नेली तर कुठलाही कॅनव्हास वर्षभरात हार मानेल. घामाचे मीठ पट्ट्यात साचते, म्हणून अधूनमधून ओल्या फडक्याने पट्टा पुसून सावलीत पूर्ण वाळवावा. धुवायचीच असेल तर थंड पाणी, सौम्य साबण, हाताने, आणि पिळायचे नाही. मेणाचा लेप पावसाला चांगला, पण आपल्या पंचेचाळीस अंशांत तो पाझरतो आणि धूळ धरतो. तो मृग लागायच्या सुमारास, पातळच द्यावा.

उसवली तर मोच्याकडे न्यावी, पण सुती दोरा आपण द्यावा. नायलॉनचा दोरा जुन्या कापडापेक्षा चिवट असतो. ताण आला की दोरा तुटत नाही, कापड फाटते. शक्यतो जुन्याच भोकांतून टाके घ्यावेत आणि ठिगळ आतून लावावे. दुरुस्ती नेहमी मूळ वस्तूपेक्षा थोडी कमजोर असावी. तुटायची वेळ आली तर तिने तुटावे.

यावर कुणी म्हणेल, ज्या माणसाची ती पिशवी, तो तिला वापरायची वस्तूच समजत होता. त्याने ती चिखलात टाकली, उशाला घेतली. फौजेत जुने सामान बाद होते आणि नवे मिळते. मग तुम्ही कशाला तिची पूजा मांडता? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. तो शिपाई माझे हे सगळे सोपस्कार पाहून कदाचित हसेल. पण फौजेकडे पिशव्या लाखो होत्या. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज सुमारे पंचवीस लाखांची झाली. तिच्यातल्या बहुतेकांची नावे कुठल्याही धड्यात नाहीत, कुठल्याही चौकाला दिलेली नाहीत. त्यांच्या घरी एकच पिशवी आली. आपण पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शहीद जवानांना हार घालतो. मात्र जे जिवंत परतले, निवृत्त झाले, कुठे दरबान किंवा शिपाई म्हणून पुन्हा नोकरीला लागले, त्यांची आठवण ठेवण्याचे काम फक्त त्यांच्या घराचे आहे. ते घराने केले नाही तर कुणीच करणार नाही.

म्हणून कापडाइतकीच माहितीही सांभाळावी. नंबर, नाव, पलटण जसे दिसते तसे वहीत उतरवून घ्यावे, फोटो काढावा. घरात कुणी सांगणारे असेल तर आजच बसून विचारावे: ही कुठून आली, यात काय असायचे, ते सुट्टीवर आले की ती कुठे टांगत? उत्तर साध्या कागदावर लिहावे आणि सुती दोऱ्याने पिशवीला बांधावे. टाचणी नको, ती गंजते.

बँकेत दहा वर्षे कुणी हक्क सांगितला नाही की ठेव बेवारस ठरते आणि २०१४ पासून ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. तरीही वारस कागद घेऊन आला तर त्याचे पैसे त्याला परत मिळतात. ती सोय कायद्याने ठेवली आहे. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या गाडीवर गेलेल्या पिशवीसाठी अशी कुठलीही खिडकी नाही.