एप्रिलचा एक वीकेंड डबक्यांसाठी



न्यू इंग्लंडमधली आपली माणसं डोंगरात जातात ती बहुतेक ऑक्टोबरात, पानांचे रंग बघायला. हरकत नाही. पण मला विचाराल तर इथल्या जंगलाचा खरा मोसम एप्रिल. चिखल असतो, झाडांचे नुसते खराटे, पण पार्किंग मोकळं! आणि बेडूक जागे झालेले असतात.

आपल्याकडे बेडूक म्हणजे मृगाचा पाऊस आणि डरांव डरांव. इथे कान वेगळा लावावा लागतो. झाडीत बदकं कलकलल्यासारखं वाटलं तर तो बहुधा वुड फ्रॉग. डोळ्यांवर काळा पट्टा, अगदी दरोडेखोर. हा पठ्ठ्या हिवाळा पाचोळ्याखाली चक्क गोठून काढतो. हृदय थांबतं, अंगातलं निम्म्याहून जास्त पाणी बर्फ होतं, साखरेमुळे पेशी तगतात, आणि वसंतात स्वारी वितळून उड्या मारायला मोकळी. (आणि आपण जानेवारीत गाडीवरचा बर्फ खरवडताना कुरकुरतो!) स्प्रिंग पीपर जेमतेम इंचभर, पण शिट्टी लांबवर जाते. खडबडीत पाठीचा टोड जरा उशिरा गायला लागतो. तो उन्हाळ्यात व्हाइट माउंटन्सच्या पायवाटेवरही भेटतो.

आता मुद्दा. वुड फ्रॉग अंडी घालतो ती मुख्यतः बर्फाच्या आणि पावसाच्या पाण्याने साठलेल्या तात्पुरत्या डबक्यात. ते उन्हाळ्यात आटतं म्हणून त्यात मासे नसतात, म्हणूनच पिल्लं वाचतात. पण ऑगस्टमध्ये तिथे नुसता खड्डा दिसतो, आणि खड्डा बुजवताना कोणाला काय वाटणार? मॅसॅच्युसेट्समध्ये अशा डबक्याची राज्याकडे अधिकृत नोंद करता येते, आणि त्यामुळे त्याला कायद्याचा आधार मिळतो. अंड्यांच्या पुंजक्यांचे फोटो आणि नकाशावरची जागा असा पुरावा साधा नागरिकही पाठवू शकतो. व्हिसा कुठला, हे कोणी विचारत नाही. इतके फोटो काढतो आपण, त्यातले चार डबक्याचे काढायला काय हरकत आहे? (खाजगी जमीन असेल तर आधी विचारून.)

मुलांना बाटलीत बेडूक भरून घरी आणू देऊ नका. "त्यांना निसर्ग कळावा म्हणून" हे कारण मला पटत नाही. निसर्ग डबक्यापाशी बसून जास्त कळतो. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा घेतो, त्यामुळे हाताला चोपडलेलं डासांचं औषध त्याला बाधू शकतं.

आणि मार्चअखेर किंवा एप्रिलात, थंडी ओसरल्यावरच्या पहिल्या पावसाळी रात्री, जंगलातल्या रस्त्याने गाडी हळू घ्या. डबक्याकडे निघालेले बेडूक तेव्हाच रस्ता ओलांडत असतात.